जिलेटिन काय अडवतं, ते आधी बघा

कपाळावरचं कुंकू गडद निळ्या प्रकाशात काळं दिसतं आणि लाल प्रकाशात जवळजवळ पुसलं जातं. केळीच्या हिरव्यागार पानावर लाल पार (रंगमंचावर झोत टाकणारा दिवा) टाकला की पान करपल्यासारखं दिसतं. जळगाव-धुळ्याकडच्या नाटकांत लग्नाचा मांडव, दाराला केळीचे खांब आणि हिरवं लुगडं हमखास येतं, त्यामुळे इथे हा घोळ फार महागात पडतो. त्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: ट्यूबलाइटसमोर जिलेटिन, म्हणजे दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद, धरून ‘निळा छान आहे’ म्हणत केलेली निवड.

जिलेटिन प्रकाशात रंग घालत नाही, बाकीचे रंग अडवतं. (नाव जुन्या, खऱ्या जिलेटिनच्या कागदावरून राहिलं, आज तो पॉलिएस्टर किंवा पॉलिकार्बोनेट असतो.) हॅलोजनच्या उजेडात तांबडं-पिवळं भरपूर आणि निळं थोडं. म्हणून फिकट स्ट्रॉ (गवती पिवळा) लावल्यावर प्रकाश फारसा घटत नाही, निळा लावला की मात्र मोठी कात्री लागते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ली कंपनीचं २०१ नंबरचं निळं जिलेटिन ३२०० केल्विनचा उजेड ५७०० केल्विनवर, म्हणजे दिवसाच्या प्रकाशाजवळ नेतं. पण त्यातून सुमारे ३४ टक्केच प्रकाश पार होतो. १८१ नंबरच्या काँगो ब्लूमधून तर जेमतेम १ टक्का. एका बाजूला स्ट्रॉचा १ पार असेल, तर समोरच्या बाजूला २०१चे २ ते ३ पार धरावेत, नाहीतर थंड बाजू दिसतच नाही.

आणि हा हिशेब दिवा पूर्ण पेटलेला असतानाचा आहे. जिलेटिन रंग किती सरकवतं ते मायर्डमध्ये मोजतात: दहा लाखाला केल्विनने भागलं की मायर्ड मिळतात. ३२०० केल्विनचे ३१२ मायर्ड. २०१ त्यातून १३७ वजा करतं, उरतात १७५, म्हणजे ५७०० केल्विन. आता डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) खाली आणल्यामुळे तोच दिवा २६०० केल्विनवर उतरला असं धरा. ३८५ मधून १३७ गेले, उरले २४८, म्हणजे जेमतेम ४००० केल्विन. पहाटेचा गारवा हवा होता, मिळाला मळकट पांढरा! म्हणून निळ्याचा डिमर फार खाली नेऊ नये. उजेड कमी हवा असेल तर एखादा दिवा बंद करावा.

सारंगखेड्यासारख्या यात्रेत जनरेटरवर प्रयोग असेल तर दाब घसरण्याचा विचार आधीच करावा. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर हॅलोजनचा प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो आणि रंग ३२०० वरून २९५० केल्विनच्या आसपास उतरतो. अशा वेळी ठरलेल्या अंबरच्या (नारिंगी-पिवळ्या) जागी एक पायरी फिकट जिलेटिन हाताशी ठेवलेलं बरं.

चेहऱ्यासाठी येल विद्यापीठात शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांची पद्धत आजही पक्की आहे: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून प्रकाश, एक उबदार, एक थंड. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला १०३ नंबरचा स्ट्रॉ आणि समोरच्या बाजूने २०३ नंबरचा हलका निळा शोभतो. हिरव्याकडे झुकणारा निळा चेहऱ्यावर टाळाच, माणूस आजारी दिसतो. १३७ नंबरचा लव्हेंडर फार गुणी: उबदार शेजारी तो थंड वाटतो आणि थंड शेजारी उबदार.

खऱ्या चांदण्याचं तापमान ४१०० केल्विनच्या आसपास, सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूस. निळं चांदणं हा रंगभूमीचा संकेत. तो टिकवायचा तर मंचावर कंदिलाचा एक पिवळा ठिपका ठेवा. सगळंच निळं असेल तर काही मिनिटांत डोळा सरावतो आणि निळेपणा विरतो.

एकाच दिव्यात पिवळा आणि निळा असे दोन कागद घातले तर गढूळ हिरवा मिळतो, कारण प्रत्येक कागद आपला वाटा कापतो. तेच दोन रंग दोन दिव्यांतून एकाच जागी टाकले तर बेरीज होऊन पांढरट उजेड पडतो.

गडद निळा मधोमध आधी फिका पडतो, मग वितळतो. अडवलेला प्रकाश उष्णता होऊन कागदातच मुरतो आणि १००० वॉटच्या ‘पार ६४’ दिव्याचा झोत मध्यभागी सगळ्यात तीव्र असतो. फ्रेमसाठी १० × १० इंचाचा चौकोन कापा, मधल्या भागात टाचणीने बारीक भोकं पाडा आणि कोपऱ्यात काचेवर लिहायच्या पेन्सिलने नंबर टाका. नंबर नसलेले दोन निळे तुकडे अंधारात ओळखता येत नाहीत.

एलईडीवर हे नंबर जसेच्या तसे लागू करू नका. पांढऱ्या एलईडीत निळ्याचं एक टोकदार शिखर असतं आणि गडद तांबडं कमी, त्यामुळे अंबर हिरवट पडतो आणि लाल मरतो. तिथे थेट रंगीत एलईडी वापरा.

शेवटची चाचणी कापडाची. रंगीत तालमीच्या दोन दिवस आधी लुगड्याचा पदर, कुंकू आणि केळीचं पान प्रयोगातल्याच दिव्याखाली ठेवा, डिमर प्रयोगात ठरलेल्या आकड्यावर आणा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बघा. मोबाइलच्या टॉर्चवर जिलेटिन धरून हे कळणार नाही, तोही एलईडीच असतो.