अंगणवाडी (बोर्डी-कोसबाडचा प्रयोग)

मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून उभी राहिलेली बालशिक्षणाची पद्धत. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ती आजच्या पालघर जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर घडवली.

ताराबाईंनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर माँटेसरी पद्धतीवर, म्हणजे मुलाने खास साधने हाताळत स्वतः शिकण्याच्या पद्धतीवर, काम केले होते. ती साधने महाग होती, खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा शिंपले, गारगोट्या, बिया, पाने हीच मोजायची आणि जुळवायची साधने झाली. पण साधनांपेक्षा मोठा प्रश्न वेगळाच होता. केंद्रात बालवाडी भरत होती, तरी उपेक्षित वस्त्यांतली मुले तिथवर येत नव्हती. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. शिकवणे असे दारातच चालल्याने आईला, आजीला ते काम करता करता दिसे. मूल काय करते हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नसे. या पद्धतीचे खरे बळ मला इथेच दिसते.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडला वारली पाड्यांत गेले. तिथे मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड असायचे. आईबाप मजुरीला गेले की ते सांभाळणे तिच्याकडे, म्हणून तिची शाळा बुडे. मुलीला दोष देऊन हे सुटणारे नव्हते. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली व या रचनेला ‘विकासवाडी’ म्हटले. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, मोठी वर्गात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरे चरत असतील तिथेच शिक्षण. कुटुंबाचे पोट ज्या कामावर चालते ते काम न मोडता शाळा बसवायची, ही दृष्टी आजही दुर्मिळ आहे.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांच्यानंतर कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांचे नाव म्हणून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. सहा वर्षांपर्यंतची मुले, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यासाठी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणे), पोषण व आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या तिच्या सहा सेवा. सेविका व मदतनीस शक्यतो त्याच गावच्या असतात, त्यामुळे कोणत्या घरी बाळंतपण झाले, कोणते मूल आठवडाभर आले नाही, हे त्यांना ठाऊक असते. मात्र आहारवाटप आणि नोंदी ठेवण्यात सेविकेचा बराच वेळ जातो. गाणी-गोष्टींना, म्हणजे ज्या कामासाठी बोर्डीची बाई अंगणात गेली त्याला, उरलेला वेळ मिळतो.