द टेस्ट ऑफ टी

‘द टेस्ट ऑफ टी’ हा कात्सुहितो इशीइ यांनी दिग्दर्शित केलेला 2004 सालचा जपानी चित्रपट. मूळ नाव ‘चा नो आजी’. टोकियोच्या उत्तरेकडील तोचिगी प्रांतात, भातखाचरांनी आणि डोंगरांनी वेढलेल्या एका लहान गावी राहणारे हारुनो कुटुंब हा त्याचा विषय. लांबी 143 मिनिटे, आणि सलग असे कथानक जवळजवळ नाही. गुन्हेगारी जगतावरच्या भडक, वेगवान चित्रपटांनी नाव झालेल्या या दिग्दर्शकाकडून इतक्या निवांत चित्रपटाची कुणाला अपेक्षा नव्हती. त्याच वर्षी कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात तो दाखवला गेला.

घरातले प्रत्येक माणूस आपापल्या एखाद्या गोष्टीत गुंतलेले आहे, आणि ती इतरांना सांगण्याची गरज कुणालाच वाटत नाही. थोरला मुलगा हाजिमे याला जिच्याशी बोलायचा धीर कधी झाला नाही, ती मुलगी गाव सोडून जाते. चित्रपट सुरू होतो तो तिची आगगाडी हाजिमेच्या कपाळातून बाहेर पडून आकाशात निघून जाते तिथून. पुढे शाळेत आओइ नावाची नवी मुलगी येते. ती ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळते म्हटल्यावर हाजिमेही त्या खेळाच्या मागे लागतो. धाकट्या साचिकोला तिचेच एक अवाढव्य रूप दिसत राहते. ते कधी शाळेच्या मैदानात, कधी घरामागे उभे असते आणि गप्प राहून तिच्याकडे पाहते. आई योशिको मुले मोठी झाल्यावर पुन्हा अ‍ॅनिमेशनकडे वळली आहे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरच चित्रे काढते. वडील नोबुओ संमोहनाने उपचार करतात, अधूनमधून घरच्यांवरही प्रयोग करतात. आजोबा आकिरा नादकाटा वाजवून सूर लावतात आणि गंभीरपणे काम करणाऱ्या योशिकोला मारामारीच्या दृश्यांसाठी तऱ्हेतऱ्हेच्या पवित्र्यांत उभे राहून दाखवतात.

टोकियोहून मुक्कामाला आलेला मुलांचा मामा आयानो हा व्यवसायाने ध्वनिमिश्रक. त्याची भूमिका तादानोबू आसानोने केली आहे. लहानपणी रानात त्याने एक मोठे अंडे समजून ज्यावर शौच केले, ती निघाली एका खून झालेल्या गुंडाची कवटी. मग रक्ताने माखलेले भूत त्याच्या मागे लागले, आणि सिंगल बारवर उलटी कोलांटी जमल्यावर ते दिसेनासे झाले, असे तो सांगतो. किळस, भय आणि विनोद एकाच संथ सुरात आणणारा हा प्रसंग चित्रपटातला सर्वांत पक्का बांधलेला आहे. कारण यानंतर साचिकोही आपल्या त्या अवाढव्य रूपापासून सुटण्यासाठी कोलांटीचा सराव करू लागते, आणि एका माणसाची खासगी आठवण दुसऱ्याची गुपचूप आशा होते.

इशीइ यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर राहतो. संगणकीय चमत्कार थोडे आहेत आणि घरच्यांपैकी कुणी त्यांकडे आश्चर्याने पाहत नाही. व्हरांड्यात सगळे ओळीने बसून चहा पितात, तेव्हाही बोलणे बेताचेच. याउलट आजोबांनी मांगा (जपानी चित्रकथा) काढणाऱ्या इक्कीबरोबर ध्वनिमुद्रित केलेले डोंगराचे गाणे मात्र हावभावांसह पूर्ण दाखवले आहे. असे काही तुकडे गरजेपेक्षा लांबले आहेत. मधला भाग कापून आटोपशीर करता आला असता. संगीत लिट्ल टेम्पो या वाद्यवृंदाचे असून अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक हिदेआकी आन्नो एका छोट्या भूमिकेत दिसतात.

शेवटाकडे आजोबांचा मृत्यू होतो. त्यांच्या खोलीत घरातल्या प्रत्येकाच्या नावाची एक चित्रवही सापडते. पाने भराभर उलटली की चित्र हलू लागते. साचिकोच्या वहीत ती कोलांटी मारताना दिसते. घरात सर्वांत भरकटलेला वाटणारा म्हातारा सगळ्यांची गुपिते पाहत होता, हे इथे कळते. तोवर सुटे वाटलेले प्रसंग त्यामुळे मागाहून एकत्र येतात.

यानंतर 2005 मध्ये इशीइ यांनी हाजिमे इशिमिने आणि शुनइचिरो मिकी यांच्यासह ‘नाइस नो मोरी’ हा विक्षिप्त तुकड्यांचा चित्रपट केला. त्यातही आसानो आणि साचिकोची भूमिका करणारी माया बान्नो आहेत.