पार्श्वभूमी : थर्मल प्रिंटर आणि त्याचा कागद

काउंटरवर मिळालेल्या पावतीच्या छापील बाजूवर नखाने जोरात रेघ ओढली, की करडी खूण उमटते. शाईचा संबंध नाही, घासण्याने निघालेली ऊब तेवढी पुरते. पावती ज्या प्रिंटरमधून आली, त्याच्या पोटातही याहून फार वेगळं काही घडलेलं नसतं. धंद्यासाठी थर्मल प्रिंटर घ्यायचा म्हटलं की बोलणं वेगावर, ब्लूटूथवर आणि किमतीवर जातं. मागे वळून पाहिलं तर या यंत्राच्या बहुतेक भानगडी कागदात झालेल्या आहेत.

उष्णतेने ठिपके उमटवणारं हेड १९६० च्या दशकातलं. त्याला लागणारं रसायन त्याआधीच जवळपास तयार होतं. १९५० च्या दशकात कार्बन पेपर न घालता दुसरी प्रत निघणारे फॉर्म आले होते. त्यात एका कागदावरचं रंगहीन रंगद्रव्य खालच्या कागदावरच्या आम्लधर्मी थराला भेटलं की निळं होई. थर्मल कागदात हीच जोडी एकाच थरात शेजारी बसवली. थंड असताना दोघं सुटी राहतात. तापली की वितळून मिसळतात आणि अक्षर उमटतं. १९८० च्या दशकात फॅक्समुळे हा कागद घरोघरी नाही तरी ऑफिसोऑफिसी पोचला, आणि बदनामही तिथेच झाला. गुंडाळी हाताने कितीही सरळ केली तरी परत वळायची, आणि फायलीला लावलेला फॅक्स वर्षभरात फिका पडायचा.

काउंटरवर तेव्हा डॉट मॅट्रिक्सचं राज्य होतं. खरखर आवाज, वाळत चाललेली रिबन, पण एका दणक्यात मूळ बिल आणि कार्बन कॉपी. थर्मल हेड कागदावर आपटत नाही, त्यामुळे खालच्या प्रतीवर काही उमटत नाही. दोन प्रती हव्या तर दोनदा छापा. ही एक सोय गमावून लोकांनी शांतता आणि वेग घेतला. आजही हॉटेलच्या भटारखान्यात ऑर्डर छापायला जुना ठोकणारा प्रिंटर दिसतो, कारण शेगडीच्या धगीने थर्मल कागद आपोआप काळवंडतो.

त्याच काळात जी मापं ठरली ती अजून सुटलेली नाहीत. हेडवर दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजेच २०३ डीपीआय (एका इंचात २०३ ठिपके). ८० मिमी रोलवर साधारण ७२ मिमी छपाई होते, म्हणजे एका ओळीत ५७६ ठिपके आणि नेहमीच्या अक्षरात ४८ अक्षरं. ५८ मिमी रोलवर ३८४ ठिपके, ३२ अक्षरं. स्वस्त म्हणून लहान रोलचा प्रिंटर घेतला की मालाचं नाव, नग, दर आणि रक्कम एका ओळीत मावत नाही, हे पहिल्या दिवशीच कळतं. ‘ईएससी-पॉस’ ही कॉम्प्युटरने प्रिंटरला द्यायच्या आज्ञांची भाषाही तेव्हाचीच. ती एका कंपनीची होती. बाकीच्यांनी उचलली आणि खोक्यावर ‘कम्पॅटिबल’ छापलं. साधा मजकूर सगळीकडे सारखा येतो, पण कटर, कॅश ड्रॉवर आणि क्यूआर कोड आले की हा कम्पॅटिबलपणा किती खोल आहे ते उघडं पडतं. देवनागरीसारखी जोडाक्षरांची लिपी तर बहुधा चित्र म्हणूनच पाठवावी लागते.

‘थर्मल’ या एका नावाखाली दुसरंही एक यंत्र विकलं जातं. त्यात साध्या लेबलवर रिबनमधलं मेण किंवा रेझिन वितळवून चिकटवतात. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या बारकोडला हेच हवं. वापरलेल्या रिबनवर छापलेला सगळा मजकूर नंतरही वाचता येतो, हे मात्र विकणारा सहसा सांगत नाही.

आता कागदाच्या खऱ्या वादाकडे. आम्लधर्मी जोडीदार म्हणून कित्येक वर्षं बीपीए (बिस्फेनॉल ए) वापरलं गेलं. ते शरीरातल्या हॉर्मोनच्या कामात ढवळाढवळ करतं, अशी शंका आहे. प्लास्टिकच्या डब्यात ते साखळीत बांधलेलं असतं. पावतीवर मोकळं, वजनाच्या एक-दोन टक्के. म्हणून ते बोटाला लागतं, आणि हाताला क्रीम किंवा सॅनिटायझर असेल तर जास्तच. दिवसाला एखादी पावती घेणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा दिवसभर पावत्या फाडून देणाऱ्या कॅशियरचा प्रश्न मोठा, त्यातही ती गरोदर असेल तर. जपानमधल्या कागद उत्पादकांनी २००० नंतर लवकरच स्वतःहून बीपीए सोडलं. युरोपात २०१४ मध्ये फ्रान्सने बंदीचा प्रस्ताव मांडला. दोन तज्ज्ञ समित्यांनी तो तपासला. एकीने सांगितलं, कॅशियरच्या पोटातल्या बाळाला धोका आहे. दुसरीने हिशोब मांडून सांगितलं, खर्चाच्या मानाने फायदा बहुधा कमी पडेल. मात्र खर्च सगळ्यांत वाटला जाऊन परवडेल, आणि धोका एका छोट्या गटाच्याच डोक्यावर आहे, हेही तिने नोंदवलं. शेवटी नियम झालाच. २ जानेवारी २०२० पासून वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बीपीए असलेला थर्मल कागद तिथे बाजारात आणता येत नाही.

मला हा निर्णय योग्य वाटतो. घोळ त्यातल्या एका अक्षरात झाला. नियमाने एका रसायनाचं नाव घेतलं आणि बऱ्याच उत्पादकांनी त्याचा सख्खा भाऊ, बीपीएस (बिस्फेनॉल एस), उचलला. रचना जवळपास तीच, हॉर्मोनबद्दलची शंकाही त्याच जातीची. रोलच्या खोक्यावर ‘बीपीए-फ्री’ आलं आणि ते अक्षरशः खरं होतं. स्वित्झर्लंडने मात्र त्याच वर्षी दोन्ही नावं एकदम घेतली. त्यामुळे ‘बीपीए-फ्री’ हा शब्द काय नाही ते सांगतो. काय आहे ते विचारावं लागतं. ‘फिनॉल-फ्री’ लिहिलेलं असेल तर दोन्ही भाऊ बाहेर, कारण दोघंही फिनॉलच्याच कुळातले. निळसर-करड्या रंगाचा एक कागदही आता मिळतो. त्यात हे रसायन-जोडीचं लग्नच नाही: वरचा अपारदर्शक थर उष्णतेने दबून पारदर्शक होतो आणि खालचा काळा थर दिसू लागतो.

मधेच रंगद्रव्याचाही दणका बसला. २०१७ मध्ये ते बनवणारा चीनमधला एक मोठा कारखाना पर्यावरणाच्या कारणावरून बंद झाला, जगभर रोलचे भाव चढले, आणि या सगळ्या व्यवहाराची नाडी किती थोड्या हातांत आहे ते दिसलं.

कागद बदलला की प्रिंटरलाही जुळवून घ्यावं लागतं. कमी संवेदनशील कागदावर अक्षर फिकं येतं, मग सेटिंगमध्ये ‘डार्कनेस’ वाढवला जातो, हेड जास्त तापतं आणि लवकर झिजतं. छपाईत उभी पांढरी रेघ दिसू लागली तर आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. तरीही रेघ राहिली तर तिथला ठिपका गेला. टिकाऊपणाचंही तसंच. मी एका पंख्याची वॉरंटीची पावती मऊ प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. गरज पडली तेव्हा हातात कोरा कागद आला. प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य अक्षरं उडवतं. गरम लॅमिनेशन करायला गेलात तर उलट घडतं, अख्खी पावती काळी होते. पावत्या काही वर्षं सांभाळायच्या असतील तर वरून संरक्षक थर दिलेला रोल मागावा, नाहीतर त्याच दिवशी फोटो किंवा झेरॉक्स काढावी.

फ्रान्सने पुढे १ ऑगस्ट २०२३ पासून गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय पावती छापणंच थांबवलं. यंत्रांचा जोर आता लेबलकडे सरकला आहे: पार्सलवरचं ४ बाय ६ इंचाचं स्टिकर, आणि मागचा गुळगुळीत कागदच नसलेलं लायनरलेस लेबल. त्यात कचरा कमी, रोलमध्ये लेबलं जास्त. फक्त गोंद थेट रोलरवरून जातो, आणि त्यासाठी न चिकटणारा खास रोलर लागतो. तो साध्या प्रिंटरमध्ये नसतो.