शस्त्रक्रियापूर्व दूरस्थ बोधनक्षमता चाचणी

शस्त्रक्रिया ठरलेल्या वृद्ध रुग्णाची स्मरणशक्ती, अवधान, भाषा आणि स्थळकाळाचे भान यांची, म्हणजेच बोधनक्षमतेची, दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून केलेली प्राथमिक तपासणी. ही केवळ चाळणी चाचणी असून तिच्यावरून स्मृतिभ्रंशाचे निदान करता येत नाही.

मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत वृद्ध रुग्णाला कधी कधी एकाएकी संभ्रम होतो. तो घरच्यांना ओळखत नाही, सलाईन ओढून काढतो किंवा याउलट गुंगीत निपचित पडून राहतो. या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. तिचा निपचित प्रकार अनेकदा नजरेतून सुटतो. बोधनक्षमता आधीच कमी झालेली असणे हे डिलिरियमच्या प्रमुख जोखीमकारकांपैकी एक आहे; पण घरात औषधे सून देते आणि बँकेचे व्यवहार मुलगा पाहतो, तेव्हा ही उणीव वर्षानुवर्षे झाकलेली राहते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयाव्यतिरिक्तच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या साठीपुढील सुमारे २६ टक्के रुग्णांची बोधनक्षमता एका आठवड्यानंतर घटलेली आढळली; तीन महिन्यांनंतर हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक व वृद्धवैद्यक संघटनांनी २०१२ साली शस्त्रक्रियेआधी बोधनक्षमता तपासण्याची संयुक्त शिफारस केली. तरीही भूलपूर्व तपासणीत रक्तदाब, साखर व ईसीजी पाहिले जातात आणि स्मरणशक्तीचा प्रश्न बहुधा राहूनच जातो.

मिनी-कॉग चाचणीत तीन शब्द लक्षात ठेवून घड्याळाचे चित्र काढायचे असते. व्हिडिओ कॉलवर ते चित्र कॅमेऱ्यासमोर धरता येते, दूरध्वनीवर मात्र दिसत नाही. त्यामुळे ३० गुणांच्या मॉन्ट्रियल चाचणीचे (मोका) दूरध्वनीसाठीचे रूप चित्रांचे प्रश्न वगळून २२ गुणांचे केले आहे. खास दूरध्वनीसाठी रचलेली टिक्स ही चाचणी १९८८ पासून वापरात आहे. एडी-८ ही आठ प्रश्नांची चाचणी रुग्णाच्या निकटवर्तीयाला विचारता येते. कोविड-१९ च्या साथीत बाह्यरुग्ण विभाग बंद पडल्यावर या पद्धतींचा वापर वाढला. भारतात दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२० मध्ये जाहीर झाली.

कमी ऐकू येणाऱ्या आजोबांचे चुकलेले उत्तर विस्मरणात मोजले जाण्याचा धोका खरा आहे. शेजारी बसलेली नात मायेपोटी तारीख हळूच सांगते, तर कधी समोरच्या भिंतीवर कालनिर्णय लटकत असते. म्हणून परीक्षकाने आधी ऐकू येत असल्याची खात्री करावी, कॅलेंडर काढून ठेवण्यास सांगावे आणि घरच्यांना थोडे दूर बसवावे. शिक्षणाचा परिणाम याहून मोठा असतो. मोकामध्ये बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून दिला जातो, पण शाळेची पायरीच न चढलेल्या आजींना तेवढ्याने न्याय मिळत नाही. हरियाणातील बल्लभगढ परिसरात निरक्षर वृद्धांसाठी १९९० च्या दशकात हिंदी चाचणी स्वतंत्रपणे घडवावी लागली, ती याच कारणाने.

कमी गुण हे शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण ठरू नये. अशा रुग्णाला संमतिपत्रातील मजकूर पुन्हा सावकाश समजावून सांगतात, बेंझोडायझेपिन गटातील (गुंगी आणणारी) औषधे शक्यतो टाळतात, चष्मा व श्रवणयंत्र शुद्धीवर येताच परत देतात, रात्रीची झोप जपतात आणि ओळखीचे माणूस खाटेजवळ बसू देतात. आधीचे गुण नोंदलेले असल्यास घरी परतल्यानंतर तीच चाचणी पुन्हा दूरध्वनीवर घेऊन तुलना करता येते.