घरची परिस्थिती आणि प्राथमिक शाळा: खानदेशाची पार्श्वभूमी

मूल मागे पडले की ‘घरची परिस्थिती’ म्हणायचे आणि विषय मिटवायचा, ही सवय जुनी आहे. १८८२ साली ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी बोट व्यवस्थेकडे दाखवले होते: महसूल कष्टकरी रयत भरते आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांवर खर्च होतो, तेव्हा किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत कोलमन अहवाल आला. सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीत शाळेच्या सोयींपेक्षा घराचा प्रभाव मोठा दिसला, आणि ‘मग शाळा काय करणार?’ असा सोयीचा अर्थ निघाला. १९८३ मध्ये हेनेमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची आकडेवारी ताडून पाहिली, तेव्हा गरीब देशांत शाळेचा आणि शिक्षकाचा वाटा बराच मोठा निघाला. खानदेशाला हेच जास्त लागू पडते.

इथे आधी आडवी येते ती भाषा. अहिराणीत, म्हणजे खानदेशाच्या बोलीत, ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात आणि ‘ळ’चा ‘य’ होतो. श्रुतलेखनाला ‘काळा फळा’ सांगितले की पहिलीतले पोर ‘काया फया’ लिहिते. घरच्या उच्चाराप्रमाणे ते अचूकच आहे. त्यावर लाल फुली पडली की पोर लिहायलाच बिचकते. ‘घरी फया, पुस्तकात फळा’ अशा पाच-सहा जोड्या रोज फळ्यावर लिहून वाचून घेतल्या, तर दोन्ही शब्द त्याचे होतात. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची या आदिवासी बोली. तिथे उच्चारच नव्हे, शब्दही वेगळे, म्हणून पहिलीला ती बोली येणारा शिक्षक हवाच.

दुसरे कारण स्थलांतर. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडणीला जातात, ती आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास परततात. धाकट्याला सांभाळायला थोरली पोर सोबत जाते. शाळा जूनमध्ये भरते, म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष बुडाले. तिसरीत ‘५२ वजा २७’चे उत्तर ३५ लिहिणारे मूल एकक-दशकाच्या प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढते; हातचा शिकवला तेव्हा ते फडावर होते. त्याला भागाकाराकडे ढकलू नये. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे द्यावेत, एक गठ्ठा सुटा करून सुट्या काड्यांत मिसळायला लावावा.

तिसरे कारण भूक. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप भल्या पहाटे शेतात जातात. १९९५ पासूनच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने ठरली आहेत, पण ते ताट दुपारी मिळते. भाषा-गणिताचे पहिले तास उपाशीपोटीच जातात.

स्थलांतरितांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. मूल कुठपर्यंत शिकले ते त्यावर लिहायचे आणि पुढच्या शाळेत दाखवायचे. पण गुजरातेत गेलेल्या कुटुंबाला जवळची शाळा बहुधा गुजराती मिळते, नाहीतर फडापासून लांब पडते. कार्ड पेटीतच राहते. मुलाला गावीच ठेवणारे हंगामी वसतिगृह त्याहून उपयोगी, मात्र त्याची यादी दसऱ्याआधी घरोघर फिरून करावी लागते. दिवाळीनंतर यादी करायला गेले, तर दारांना कुलपे असतात.