ती शीळ मोरिकोनेंची नव्हे

‘इटालियन चित्रपटसंगीतकार एन्निओ मोरिकोने आपल्या संगीतात स्वतःच शीळ घालायचे’ ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. ती चुकीची आहे, आणि तिच्यामुळे एका गुणी कलावंताचं श्रेय हिरावलं जातं. १९६४ सालच्या ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ या चित्रपटातली शीळ अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी यांची. मोरिकोनेंचे हे बालमित्र गिटारही वाजवत, आणि त्यांचा स्वतःचा गायकवृंद होता.

दुसरा घोळ त्यांच्याच ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या चित्रपटाच्या धूनबद्दलचा. सुरुवातीची ती दोन स्वरांत हेलकावणारी साद शिळेची वाटते, पण कान देऊन ऐका. ती कोयोट या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या ओरडण्यावरून सुचलेली आहे आणि तीन पात्रांसाठी तिचा आवाज बदलतो: एकाला बासरी, दुसऱ्याला ओकारिना हे छोटं फुंकवाद्य, तिसऱ्याला माणसांचे गळे. केवढी साधी, केवढी अचूक कल्पना! शिवाय १९६८ साली अमेरिकेत तुफान गाजलेली या धूनची आवृत्ती ह्यूगो मॉन्टेनेग्रो यांची. तिच्यातली शीळ मझी मार्सेलिनो यांची. अनेकांच्या कानात तीच बसली आहे.

मोरिकोने स्वतः रोमच्या सांता चेचिलिया या संगीत विद्यालयात शिकलेले ट्रम्पेटवादक. मैफलीत ते वाद्यवृंदाचं संचालन करत. याच चित्रपटातल्या ‘द एक्स्टसी ऑफ गोल्ड’ या रचनेतला तो शब्दांविना चढत जाणारा स्त्रीस्वरही असाच अनामिक राहतो: मूळ ध्वनिमुद्रणात एद्दा देल’ओर्सो, आणि मंचावर अनेक वर्षं सुझाना रिगाची.