पडद्यामागचं रहाटगाडगं

दिवाळीच्या सुट्टीत भाचा लॅपटॉप घेऊन आला. "आत्या, गेम मधेच अडखळतो गं. रीलमध्ये सांगितलं तसं सगळं बंद केलं, तरी तेच." ती रील मी बघितली. 'एवढं बंद करा, एफपीएस (सेकंदाला निघणारी चित्रं) दुप्पट' म्हणत त्यात पंधराएक सेटिंग्ज भराभर दाखवली होती. बहुतेकांचा खेळाशी काडीचा संबंध नव्हता. आणि जी एक गोष्ट बंद करायला हवी होती, ती त्याच्या लॅपटॉपवर चालूच होती.

विंडोज १० आणि ११ मध्ये 'गेम बार' आधीपासूनच बसवलेला असतो. विंडोजची कळ आणि जी एकत्र दाबली की खेळावर छोटे चौकोन उघडतात: आवाज, प्रोसेसरवरचा भार, सेकंदाला किती चित्रं निघतात तो आकडा. याला ओव्हरले म्हणतात. हा ओव्हरले संगणकात नुसता असणं, पडद्यावर दिसत असणं आणि त्याच्या जोडीने मागे रेकॉर्डिंग चालू असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक त्या एकाच मापाने मोजतात आणि तिथेच सगळा घोटाळा होतो.

आधी चित्र पडद्यावर पोचतं कसं ते बघू. मला स्वतःला हा भाग फार आवडतो.

६० हर्ट्झचा पडदा दर १६.६७ मिलिसेकंदांनी नवं चित्र मागतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९४ मिलिसेकंदांनी. चित्र अर्धवट रंगलेलं असताना दिसू नये म्हणून ग्राफिक्स चिप ते मागच्या बाजूला रंगवते. फिरत्या रंगमंचावरचं नाटक आठवा. पुढे दिवाणखान्याचा प्रवेश चालू असतो आणि मागे कामगार गुपचूप अंगण लावत असतात. मंच अर्धा फिरला की अंगण प्रेक्षकांसमोर. तुळशीवृंदावन कोणी उचलून पुढे आणत नाही. चिपही चित्राची नक्कल करत बसत नाही, 'आता या पत्त्यावरून वाच' एवढंच पडद्याला सांगते. याला फ्लिप म्हणतात.

एरवी विंडोजमध्ये सगळ्या खिडक्या एकत्र बसवून त्यांचं एक चित्र करण्याचं काम 'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' करतो. पण खेळाने अख्खा पडदा व्यापला असेल आणि वर दुसरं काहीच नसेल, तर तो बाजूला होऊ शकतो. मग खेळाचं चित्र थेट पडद्यावर जातं. वर एक चौकोन आला, अगदी कोपऱ्यातला एफपीएसचा इवलासा आकडा जरी पिन करून ठेवला, तरी व्यवस्थापकाला परत यावं लागू शकतं. खेळाचं चित्र घ्या, चौकोन घ्या, दोन्ही मिळून तिसरं चित्र रंगवा. चिपच्या दृष्टीने हे रंगवणं किरकोळ आहे. खरा तोटा असतो तो पाळी चुकण्याचा, कारण तयार चित्र कधी कधी पुढच्या फेरीपर्यंत थांबतं. बऱ्याच नव्या चिपमध्ये यावर उपाय आहे, त्याचं नाव मल्टिप्लेन ओव्हरले. एकावर एक ठेवलेल्या काचांसारखे दोन थर पडदा वाचतानाच हार्डवेअर एकत्र करतं, तिसरं चित्र रंगवावंच लागत नाही. मात्र ड्रायव्हर (विंडोज आणि चिप यांच्यातला दुभाषी प्रोग्रॅम), रंगांची मांडणी, जोडलेले मॉनिटर हे सगळं जुळलं तरच हा मार्ग मिळतो.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचाही ओव्हरले असतो, तो वेगळ्या वाटेने येतो. तो खेळाच्याच प्रक्रियेत शिरतो आणि 'चित्र तयार आहे, दाखव' ही खेळाची हाक मधेच अडवून त्याच चित्रावर आपला भाग रंगवतो. असे दोन-तीन ओव्हरले एकाच खेळात शिरले, तर अडखळण्याचं किंवा खेळ बंद पडण्याचं कारण आधी तिथे शोधावं.

आता रेकॉर्डिंगकडे वळू. 'मागचे ३० सेकंद जतन करा' ही सोय फार देखणी आहे. भारी फटका बसला की कळ दाबायची, व्हिडिओ तयार. पण जे घडून गेलं ते जतन करायचं, तर सतत रेकॉर्ड करत राहण्यावाचून गत्यंतर नाही. हे रहाटगाडगंच आहे. गाडगी भरत वर येतात, रिती होतात, पुन्हा खाली जातात. ३० सेकंदांपूर्वीच्या चित्रांवर नवी चित्रं लिहिली जातात आणि तुम्ही कळ दाबाल त्या क्षणी चाकावर जे असेल ते फाइलमध्ये जातं. कळ कधीच दाबली नाहीत तरी चाक फिरतच राहतं.

त्या चाकावर केवढं पाणी चढतं बघा. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाला चार बाइट धरले तर एक चित्र ८२,९४,४०० बाइटचं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे जवळजवळ ५० कोटी बाइट. ३० सेकंद कच्चेच ठेवायचे तर १५ गिगाबाइट लागतील! म्हणून ती दाबून लहान करतात. सेकंदाला १२ मेगाबिटचा दर धरला, तर तेच ३० सेकंद ४५ मेगाबाइटमध्ये मावतात. हे काम आजच्या ग्राफिक्स चिपमधला वेगळा एन्कोडर करतो, त्यामुळे मुख्य प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. पण प्रत्येक चित्र मेमरीतून वाचावं लागतंच, आणि स्वस्त लॅपटॉपची दुखरी नस नेमकी तीच आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर खेळ, प्रोसेसर आणि एन्कोडर एकाच रॅमवर पाणी भरतात. डीडीआर४-३२०० जातीच्या रॅमची एकच पट्टी असेल तर तिचा कमाल वेग सेकंदाला २५.६ गिगाबाइट. दुसरी पट्टी लावली की तो दुप्पट होतो. कुठल्याही 'एफपीएस बूस्टर' सॉफ्टवेअरवर पैसे घालवण्याआधी या पट्टीचा विचार करा, असं मी कळकळीने सांगते.

सरासरी आकडाही फसवतो. ५९ चित्रं १६ मिलिसेकंदांत आली आणि एक ५६ मिलिसेकंदांनी आलं, तर बेरीज बरोबर १,००० होते. मीटर ६० एफपीएस दाखवतो, आणि डोळ्याला तो एक हिसका स्पष्ट जाणवतो.

म्हणून बंद करण्याआधी बघावं. भाच्याला मी टास्क मॅनेजर उघडायला लावला, त्यात परफॉर्मन्स, त्यात जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप. एनव्हिडियाच्या कार्डावर तिथे 'व्हिडिओ एन्कोड' नावाचा आलेख निवडता येतो. खेळ चालू ठेवून, दुसरं काहीही रेकॉर्ड न करता त्या आलेखाकडे बघायचं. रेषा तळाशी असायला हवी होती, ती हलत होती. विंडोजचं रेकॉर्डिंग सेटिंग्ज, गेमिंग, कॅप्चर्स इथे असतं, ते बंदच होतं. चाक फिरवणारा होता लॅपटॉपसोबत आलेला दुसराच रेकॉर्डर.

आपल्याकडे डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा रिफ्रेश मारायची सवय घरोघरी आहे. त्याने डेस्कटॉपवरची चिन्हं पुन्हा मांडली जातात. रॅम मोकळी होत नाही की वेग वाढत नाही. रीलमधली निम्मी सेटिंग्ज याच जातीची.

उलट 'गेम मोड' बंद करा असं त्या रीलमध्ये ठासून सांगितलं होतं. २०१७ मध्ये आलेली विंडोजची ही सोय खेळ चालू असताना विंडोज अपडेटला ड्रायव्हर बसवू देत नाही आणि रीस्टार्टच्या सूचना थोपवते. ती राहू द्यावी. आणि एएमडीचा ७९५०एक्स३डी हा प्रोसेसर असेल तर गेम बारही उखडू नका. त्याच्या दोन भागांपैकी एकावरच जादा कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी, बसवलेली आहे, आणि समोर चालू आहे तो खेळच आहे हे ओळखून काम त्या भागाकडे वळवण्यासाठी एएमडीची व्यवस्था गेम बारची मदत घेते. तिथे गेम बार काढून टाकला तर खेळ मंदावू शकतो.

भाच्याने तो दुसरा रेकॉर्डर बंद केला. आलेखातली रेषा तळाला टेकली. मग त्याने गेम मोड परत चालू केला आणि विचारलं, "आत्या, रॅमची दुसरी पट्टी केवढ्याला येते?"